वीटभट्टीचा हौद, डेअरीचं पाणी

या क्लबाचं पहिलं मैदान आज गावाच्या भिंतींत आहे. रंगवून सांगतोय असं समजू नका. वीटभट्टीच्या मागं एक सपाट पट्टा होता. भट्टीवरच्या गड्यांनी तिथंच पहिल्यांदा रग्बीचा लांबट चेंडू काखेत मारून पळायला सुरुवात केली. आणि भट्टीच्या मालकाला माती लागली की तो त्याच पट्ट्याची कड खणायचा. आधी एक कोपरा गेला. मग गोलाचे खांब खड्ड्याच्या काठाशी आले. गड्यांनी ते उपटून आत रोवले, चुन्याच्या रेषा नव्यानं मारल्या आणि मैदान आखूड करून खेळ पुढं चालू ठेवला. मालक तसा भला माणूस. खणायच्या आधी निरोप धाडायचा, "रविवारचा सामना होऊन जाऊ द्या, सोमवारी फावडं लावतो." असं होता होता मैदान एवढंसं उरलं, की चेंडू घेऊन सुसाट सुटलेला गडी थांबायच्या आत थेट खड्ड्यात दिसायचा. शेवटी सगळं मैदान भट्टीत गेलं, भाजून निघालं आणि विटा होऊन गावभर पांगलं. शाळेची भिंत त्याचीच, दवाखान्याची त्याचीच, पोस्टाचीही त्याचीच.

त्यातल्या कितीतरी भिंती मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं रचलेल्या. रस्त्यानं जाता जाता तो एखाद्या भिंतीवर पंजा टेकवायचा आणि बायकोला सांगायचा, "इथं मी एकदा तोंडावर आपटलोय."

"हळू बोला," बायको म्हणायची. "आत माणसं राहतात."

मिस्त्री म्हणजे ठेंगणा, रुंद, मान नसलेला गडी. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ दांडगट डोकी एकमेकांत खुपसून रेड्यांसारखे रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्या स्क्रमच्या पहिल्या ओळीत मधोमध उभं राहण्यात त्याची तरणी वर्षं गेली. त्यात दोन्ही कान असे घासून निघाले की चुरगळून फेकलेल्या कागदाचे बोळे दिसावेत. न्हावी त्याचे केस कापताना दर खेपेला विचारायचा, "कानाच्या आत जाऊ का बाहेरून जाऊ?"

पहिलं मैदान भट्टीनं खाल्लं तेव्हा रस्त्यापलीकडच्या दूध डेअरीनं आपलं चराऊ रान देऊ केलं. अट एकच. सोमवार ते शनिवार रान गाईंचं, रविवार माणसांचा. रविवारी सकाळी गडी आधी घमेली घेऊन शेण उचलायचे आणि मग खेळायचे. उचलायचं राहून गेलेलं कुणाच्या ना कुणाच्या तोंडाला लागायचंच. पण रान हिरवंगार, मऊ, खाली पडलं तरी हाड मोडत नाही असं. डेअरीवाल्यांनी जागा दिली, मग त्यांचे गडीही संघात आले. भट्टीचे अर्धे, डेअरीचे अर्धे.

मिस्त्रीचा थोरला भाऊ डेअरीत बॉयलरवर होता. उंच, वाळका, कमी बोलणारा. एकदा पंधरावा गडी मिळेना म्हणून मिस्त्रीनं त्याला ओढत आणला. "दादा, नुसता कडेला उभा राहा. चेंडू आला तर घे, नाहीतर बघत बस." दादा कडेला उभा राहिला. पुढच्या रविवारीही राहिला. मग कुणी विचारायचंच बंद केलं. दादा म्हणजे डाव्या कडेला उभा राहणारा, असं ठरूनच गेलं.

आता हौदाची गोष्ट.

हिवाळ्यात सामना संपला की तीस गडी चिखलानं माखून घरी जायचे आणि घरोघरी भांडणं पेटायची. मिस्त्रीच्या आईनं तर दोघा भावांना एकदा दारातूनच परत पाठवलं होतं. "आधी माणसं होऊन या." मिस्त्री तेव्हा नुकता थापी धरायला शिकलेला, अंगात मस्ती. भट्टीच्या कडेला खंगर विटांचा ढीग पडलेला असायचा. म्हणजे जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकड्यातिकड्या झालेल्या विटा. त्या कुणी विकत घेत नाही. मालकानं न्या म्हटलं. मिस्त्रीनं मैदानाच्या कडेला, मध्यरेषेपाशी, त्या विटांचा एक टोलेजंग हौद बांधला. आतून घोटून गिलावा केला, बसायला कडेनं पायरी काढली, वर पत्र्याची खोली उभी केली. पंधरा माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा हौद.

पण गार पाण्याच्या हौदात कोण बसतो? तेव्हा दादानं डोकं लढवलं. डेअरीत कॅन धुवायला पाणी तापवायचे, रविवारी काम अर्धा दिवसच, गरम पाणी उरायचं. दादानं डेअरीच्या भिंतीपासून कुंपणाच्या कडेनं पाइप ओढला. सामना संपायच्या बेतानं तो मैदानातून निघून बॉयलरखोलीत जायचा आणि कॉक उघडायचा. मैदान सोडून गडी कुठं निघाला, असं कुणी विचारत नसे. वाफाळतं पाणी हौदात पडल्याचा आवाज आला की रेफरीसुद्धा घड्याळाकडं बघायचा.

त्या हौदानं क्लब उभा केला. लांब लांबचे संघ तेवढ्यासाठी खेळायला यायचे. हरले तरी खूश होऊन जायचे.

आणि त्या हौदानंच क्लब फोडला.

पाणी एकदाच भरायचं. पहिल्या खेपेला उतरणाऱ्यांना स्वच्छ, कढत पाणी. दुसऱ्या खेपेला उतरणाऱ्यांना कोमट लगदा. म्हणून पाळी लावली होती. एका रविवारी भट्टीवाले आधी, पुढच्या रविवारी डेअरीवाले. पाहुण्या संघातले निम्मे यांच्याबरोबर, निम्मे त्यांच्याबरोबर. मग एका रविवारी पाऊस इतका झोडपला की सामना रद्द झाला. त्या दिवशी पाळी भट्टीची होती. पुढच्या रविवारी सामना झाला, जिंकलाही, आणि तीस गडी हौदाच्या दारात चिखल गाळत उभे राहिले. पाळी कुणाची?

"सामना झाला नाही, पाळी गेली. आज आमची," डेअरीवाले म्हणाले.

"सामना झाला नाही म्हणजे पाळी वापरली नाही. आज आमचीच," भट्टीवाले म्हणाले.

"हौद कुणी बांधला?"

"पाणी कोण देतं?"

"हौद नसता तर पाणी काय डोक्यावर ओतून घेतलं असतं?"

"आणि पाणी नसतं तर हौदात काय बटाटे साठवले असते?"

भट्टीवाल्यांनी बोलणं अर्धं टाकलं आणि उड्या मारल्या. सगळ्यात आधी मिस्त्री.  दादानं ओला सदरा तसाच अंगात घातला, कुंपणाच्या कडेनं चालत गेला आणि बॉयलरखोलीत जाऊन कॉक बंद केला. हौदात गुडघाभर पाणी, गडी डोक्यापासून पायापर्यंत साबणात, आणि वरून एक थेंब येईना. हिवाळ्याचे दिवस. भट्टीचे दांडगट तिथं पांढरे होऊन कुडकुडत बसले आणि बाहेर डेअरीवाले पोट धरून हसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री थापी आणि घमेलं घेऊन आला आणि हौदात येणाऱ्या पाइपाचं तोंड वीट लावून, सिमेंट भरून बुजवून टाकलं. नको तुमचं पाणी.

दादाला हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी त्यानं आपला राग गिळला आणि नेहमीच्या वेळेला कॉक उघडला. पाणी जाईल कुठं? डेअरीच्या आवारातच एक सांधा निखळला आणि कढत पाणी मॅनेजरच्या गुलाबांच्या ताटव्यात घुसलं. गुलाब जागच्या जागी शिजले. दादाची मुकादम म्हणून बढती जवळजवळ ठरलेली होती. ती गेली, दुसऱ्याला मिळाली. दादा बॉयलरवर लागला आणि बॉयलरवरूनच निवृत्त झाला.

त्या दिवसापासून दादानं मैदानावर पाय ठेवला नाही आणि मिस्त्रीशी शब्द बोलला नाही. दादाचा अपमान झाला म्हणून डेअरीवाल्यांनी वेगळा क्लब काढला. त्या क्लबाच्या एकाही सामन्याला दादा गेला नाही, ही गोष्ट वेगळी. मैदान एकच, तेव्हा रविवार वाटून घेतले. गवत मात्र वाटून कसं घेणार? तर तेही घेतलं. मध्यरेषेपर्यंत डेअरीवाले कापणार, पुढं भट्टीवाले. डेअरीचं गवत उंच ठेवायची पद्धत, गाईंना बरं पडतं. भट्टीवाले जमिनीलगत खरडून काढायचे. पाहुणे संघ आले की नाणेफेक जिंकून वारा बघत नसत, गवत बघत. अशी दोन रंगांची चादर त्या रानावर वर्षानुवर्षं पसरलेली राहिली. आणि मध्यरेषेपाशी हौद कोरडा. त्यात कधी मोडके खांब, कधी चुन्याची पोती, एकदा तर मांजरीची पिल्लं.

दोघा भावांची घरं पुकारलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, तरी गाठ पडायची ती कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीत. आई गेली तेव्हा दोघे एका खोलीत दोन भिंतींना टेकून बसले होते. दादा आपल्या बायकोला, म्हणजे मिस्त्रीच्या वहिनीला म्हणायचा, "त्याला विचार, निरोप गेले का सगळीकडं." वहिनी मिस्त्रीकडं वळायची, तोवर मिस्त्री वहिनीला सांगायचा, "त्यांना सांगा, गेले." वहिनीची मान मधल्या मध्ये दुखायची.

बोलायचं तर आधी कुणी? मिस्त्रीला वाटे, दादा मोठा आहे, मोठ्यानं हाक मारावी. हाक आली असती तर धाकटा पळत गेला असता. पण हाक आली नाही आणि दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत. कुठल्या तरी भिंतीवर ओळंबा सोडून उभा असताना मिस्त्रीच्या मनात यायचं, की आता जावं. मग पुढची रांग लावायची वेळ व्हायची.

पुढं दोन्हीकडं गडी आटले. भट्टी बंद पडली, डेअरीत माणसांच्या जागी यंत्रं आली. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी दोन्ही क्लबांतल्या पोरांना एकत्र बसवून सांगितलं, "तुम्ही मिळून कसेबसे पंधरा भरता, नाटकं बंद करा." पोरांना कसलं आलंय भांडण? ती एका दिवसात एक झाली. बाई अध्यक्ष झाल्या. गवत मात्र अजून अर्धं-अर्धंच कापलं जाई. खालचा अर्धा मिस्त्री कापायचा आणि वरचा अर्धा दादाचा मुलगा, म्हणजे मिस्त्रीचा पुतण्या. तो डेअरीचा टँकर चालवायचा, चांगला बाप्या झालेला, पोटबिट सुटलेला. काका-पुतण्याचं उत्तम जमायचं. मध्यरेषेशी आले की दोघं यंत्रं बंद करून गप्पा मारायचे आणि परत आपापल्या बाजूला फिरायचे. का, म्हणून कुणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या छातीत भरलं. दवाखान्यात ठेवला. मिस्त्री रोज संध्याकाळी जायचा आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा. वहिनी बाहेर आली की तिच्या हातात पिशवी द्यायचा. "मी आणली असं सांगू नका." वहिनी म्हणायची, "भाऊजी, दार उघडंच आहे." मिस्त्री मान डोलवायचा आणि जिना उतरायचा. दादा बरा होऊन घरी आला. पण त्या बाकावर बसून मिस्त्रीनं एक हिशेब मनाशी केला होता. पुढच्या खेपेला बाहेर बसायला दार असेलच असं नाही.

त्या वसंतात क्लबाला पन्नास वर्षं भरत होती. मोठा सामना ठरला. मिस्त्रीनं मनात घेतलं, की या सामन्याला दादा यायला पाहिजे. आला की शेजारी जाऊन बसायचं. खेळ समोर असला की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

बाजारात वहिनी भेटली तेव्हा त्यानं विचारलं, "येईल का दादा?"

वहिनीच्या एका हातात कोबी, दुसऱ्यात छत्री. घाईत म्हणाली, "आता त्यांच्या मनातलं मला काय ठाऊक, भाऊजी. पण तो हौद डोळ्यांपुढं असताना कशाला येतील? मला आपलं वाटतं."

मला आपलं वाटतं, हे शेवटचे शब्द मिस्त्रीच्या बोळ्यांसारख्या कानांत शिरलेच नाहीत.

त्याच आठवड्यात क्लबाची बैठक झाली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आपला हौद जतन करायचा. साफसफाई, गिलावा, आत जुने फोटो, वरून काच, बाहेर पाटी. लोकांना आपला इतिहास दिसला पाहिजे."

"बाई, काच कशाला?" मिस्त्री म्हणाला. "त्यात माणसं उघडी बसायची."

सगळे हसले. बाईही हसल्या. "म्हणूनच तर. असला इतिहास दुसऱ्या कुठल्या क्लबाकडं आहे?"

"तो इतिहास नव्हे, भांडणाचं भांडं आहे ते. फोडून टाका आणि तिथं पोरींना कपडे बदलायला खोली करा. गेल्या वर्षीपासून पोरींचा संघ आहे आपला, त्या बिचाऱ्या टँकरच्या आडोशाला बदलतात."

"खोली मागच्या अंगाला होणारच आहे. हौद राहणार." बाईंनी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर. पुतण्याचासुद्धा. "आणि मिस्त्री, दुरुस्ती तुम्हीच करायची. तुमच्या हातचा आहे."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय आहे हे फक्त त्याच्या बायकोला कळलं असतं आणि ती बैठकीला नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून त्यानं घण, पहार आणि छिन्नी हातगाडीत टाकली.

"दुरुस्तीला घण?" बायको म्हणाली.

"आधी सैल झालेलं काढावं लागतं."

"अहो, तुमचं डोकं सोडलं तर तिथं काय सैल झालंय?"

मिस्त्री हातगाडी ढकलत निघाला. मैदानावर चिटपाखरू नव्हतं, फक्त वरच्या अर्ध्यात पुतण्याचं यंत्र घरघरत होतं. मिस्त्री हौदात उतरला आणि ज्या भिंतीत पाइप येतो तिथूनच सुरुवात केली. पहिला घाव घातला तो उसळून खांद्यापर्यंत आला. खंगर विटा त्या, काचेसारख्या कडक. आणि वर ऐन जवानीतलं, मस्तीत कालवलेलं सिमेंट. मिस्त्रीनं आयुष्यात पुष्कळ भिंती फोडल्या होत्या, लोकांच्या. स्वतःची कधी फोडली नव्हती. "कुणी बांधलाय लेकाच्यानं," असं त्याच्या तोंडून निघून गेलं. मग एकटाच हसला आणि घण उचलला. घामानं डोळे चुरचुरू लागले, तेव्हा कुठं पाइपाची भिंत खचली आणि बुजवलेल्या तोंडासकट ढिगाऱ्यात जमा झाली. शेजारच्या भिंतीचाही कोपरा त्यानं पाडला.

घरघर थांबली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. पुतण्या यंत्र तसंच टाकून घरी पळाला होता.

घणाला टेकून मिस्त्री दम खात उभा राहिला, तेव्हा त्याला कुंपणाच्या कडेनं कुणीतरी येताना दिसलं. उंच, वाळकं, हातात काठी. दर चार पावलांना थांबणारं. मागं पुतण्या, हात पुढं करून, जणू काचेची बरणी पडणार आहे.  मिस्त्रीला घण टाकावा की धरावा कळेना, म्हणून त्यानं तो धरूनच ठेवला.

दादा खोलीच्या दारात येऊन थांबला. आत पाहिलं. ढिगारा पाहिला. मिस्त्रीकडं पाहिलं.

"काय चाललंय?"

इतक्या वर्षांनी पहिले शब्द. मिस्त्री म्हणाला, "फोडतोय."

"ते दिसतंय. कशाला?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"हा असताना तू मैदानावर येत नाहीस. परवाच्या सामन्याला यावंस म्हणून."

दादानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "हौदामुळं येत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

"वहिनींनी."

"तिला काय ठाऊक? तिला कधी बोललोय मी?" दादाला दम लागला होता. तो हौदाच्या उरलेल्या कठड्यावर टेकला. "अरे, मला रग्बी आवडत नाही."

मिस्त्रीला वाटलं, धूळ कानात गेली. "काय आवडत नाही?"

"रग्बी. कधीच आवडली नाही. त्या कडेला उभं राहायचं, गारठ्यात, चेंडू येऊ नये म्हणून मनात घोकत. आला की चार रेडे अंगावर. तूच ओढून नेलंस. मग नको कसं म्हणायचं, तुझे पंधरा भरत नव्हते. भांडण झालं तेव्हा मी म्हटलं, सुटलो."

पुतण्यानं तोंडावर हात ठेवला. तो याच बापाच्या मानासाठी काढलेल्या क्लबातून बारा पावसाळे चिखल खात खेळला होता.

"आणि मुकादमी?" मिस्त्रीनं कसंबसं विचारलं. "ती माझ्यामुळं गेली."

"तुझ्यामुळंच गेली," दादा म्हणाला. यात त्यानं काही सूट दिली नाही. "त्याचा राग होता. दोनेक वर्षं चांगला होता. मग कधीतरी बघितलं तर उरला नव्हता. पण तोवर न बोलायची सवय पडलेली. राग गेला, असं काय दवंडी पिटून सांगायचं? मला वाटलं, तू येशील. धाकट्यानं यावं."

"मला वाटलं, तू हाक मारशील. मोठ्यानं मारावी."

 पुतण्या एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला, आईसारखी मान वळवत.

दादा पुढं वाकला आणि पडलेल्या भिंतीवरून हात फिरवला. आतला गिलावा अजून तुळतुळीत होता. "सगळ्या आठवड्यात मला एकच गोष्ट आवडायची," तो म्हणाला. "खेळ संपल्यावर या पायरीवर बसून मानेपर्यंत गरम पाण्यात बुडायचं. डोळे मिटून. त्यासाठी मी तुमचा तो सगळा धिंगाणा सोसायचो. एवढी एकच धड वस्तू बांधलीस तू आयुष्यात, आणि तीच फोडलीस. गाढवा."

मिस्त्रीनं घण खाली ठेवला. गाढवा हा शब्द त्याला असा लागला, जसं थंडीत कुणी अंगावर घोंगडं टाकावं. पण पुतण्या समोर होता, म्हणून तो वाकून विटा वेचू लागला. 

एवढ्यात बाई आल्या. घणाचे आवाज शाळेपर्यंत गेले होते. दारात उभ्या राहून त्यांनी ढिगारा पाहिला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मिस्त्री! दुरुस्ती करायला सांगितलं होतं! सगळ्यांनी हात वर केले होते! कुणाला विचारून केलंत हे?"



"मला विचारून," दादा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्याला त्यांनी या मैदानावर कधी पाहिलंच नव्हतं. "आपण कोण?"

"मी याचा थोरला भाऊ. अर्धा हौद माझा आहे, पाणी माझं होतं. मी सांगितलं म्हणून माझ्या भावानं हात लावला. काय बोलायचं ते मला बोला."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना जसा बोलतो, तसा तो तिसरीकडंच बघत होता. बाई मुलांना शिकवण्यात जन्म गेलेली बाई, त्यांना कळलं नसेल असं नाही. त्या काठीकडं, ढिगाऱ्याकडं, दोघांच्या धुळकट पायांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ढिगारा तरी आजच उचला," आणि गेल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी हौदाचा विषय काढला नाही. उरलेला हौदही पुढं पाडला आणि पोरींची खोली तिथंच झाली. काच, फोटो, पाटी, सगळं राहूनच गेलं.

सामन्याचा दिवस उजाडला. झेंडे लागले, माणसं जमली, दुसऱ्या गावचा तगडा संघ आला. मिस्त्री पुढच्या बाकावर बसला. शेजारची जागा त्यानं टोपी ठेवून धरली होती. पुतण्या येऊन सांगून गेला, "बाबा येत नाहीत, काका. म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, कंटाळा येतो."

"असू दे," मिस्त्री म्हणाला आणि टोपी उचलून डोक्यावर घातली.

पहिला अर्धा डाव त्यानं पाहिला. म्हणजे डोळे तिकडं होते. मध्यंतराची शिट्टी झाली तसा तो उठला.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं. हा माणूस न्युमोनिया अंगात घेऊन सामन्याला बसलेला तिनं पाहिला होता. "आता तर रंग भरतोय."

"दादाकडं जाऊन येतो."

बायकोनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि नुसतं म्हणाली, "पायाला चिखल आहे. बाहेर झाडून मग आत जा."

दादा घराच्या मागच्या अंगाला उभा होता, भिंतीकडं तोंड करून, एखाद्यानं शिक्षा केल्यासारखा. मिस्त्रीची चाहूल लागली तरी वळला नाही. म्हणाला, "बरा आलास. ही ओल बघ. दर साली वर चढते. दोन गवंडी आणून झाले. एकानं डांबर फासलं, एकानं नुसता रंग."

"मला कशाला नाही बोलावलंस?"

"कसं बोलावणार?"

ते बरोबरच होतं. मिस्त्रीनं बाह्या सारल्या, भिंतीवर पंजा टेकवला, मग गाल टेकवला. बोटाच्या पेरानं टकटक करत कोपऱ्यापर्यंत गेला. रांगत पायापर्यंत आला. मैदानाकडून एकदम मोठा गलका उठला, लोटच्या लोट. आपल्यांनी चेंडू रेषेपार टेकवून ट्राय केला होता की त्यांनी, आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. मिस्त्रीचे चुरगळलेले कान एकदा हलले. पण त्यानं मान वळवली नाही.

"खालून नाही येत ही," तो म्हणाला. "सगळे खालून समजतात. वरून येते. शिडी आहे का?"

"आहे. पण तू चढू नकोस. वय बघ."

"धरशील का नाही तू?"

दादानं शिडी धरली. काठी बाजूला टाकून, दोन्ही हातांनी. मिस्त्री चढला, पन्हळीच्या मागं हात घातला आणि सडक्या पानांचा काळा गोळा काढून खाली टाकला. तो दादाच्या खांद्यावर पडला.

"अरे, बघून टाक!"

"तू बाजूला हो!"

"बाजूला झालो तर शिडी कोण धरेल?"

ते असं भांडत असतानाच सामना संपला. पुतण्या धापा टाकत, चिखलानं भरलेला, मागच्या दारातून ओरडत आला, "काका! काका, ऐका तर काय झालं—"

"थांब जरा," मिस्त्री शिडीवरून म्हणाला. "ओल कुठून येते ते सापडलंय. आधी बादली आण."